शिक्षेपूर्वीचे दोन शब्द

८ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना राजद्रोहासाठी १९ महिन्यांची कैद सुनावली. त्यानंतर चौदा दिवसांनी त्याच न्यायालयात, त्याच न्यायमूर्तींनी, राजद्रोहाच्या त्याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्यावर धाडण्याचा हुकूम दिला. दोघेही पुण्याचे संपादक. दोघांवरचा ठपका मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर लिहिलेल्या लेखांबद्दलचा. कायदा एक, न्यायमूर्ती दिनशा दावर तेच, आणि शिक्षेत मात्र जवळपास साडेचार वर्षांचे अंतर.

हे अंतर कुठून आले? भारतीय दंडसंहितेच्या कलम १२४-अ मध्येच त्याचे मूळ होते. १८९८ च्या दुरुस्तीनंतर या कलमाखाली जन्मठेप काळे पाणी देता येई, त्याहून कमी मुदतीचे काळे पाणी देता येई, तीन वर्षांपर्यंत कैद देता येई आणि नुसत्या दंडावरही आरोपीला सोडता येई. गुन्हा शाबीत झाला की कायद्याचे काम संपे आणि न्यायाधीशाच्या मर्जीचे सुरू होई. या मोकळ्या जागेत आरोपीचे बोलणे पडे. ते कधी न्यायाधीशाच्या मनाला लागे, कधी आदळून परत येई. रायगडचा किनारा, म्हणजे पूर्वीचा कुलाबा जिल्हा, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालये यांच्यामध्ये १८७९ ते १९३७ या काळात घडलेल्या काही खटल्यांत हे फार स्पष्ट दिसते.

शिरढोणचा माणूस, स्वतःच्याच अक्षराचा पुरावा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथला, १८४५ चा. दुष्काळाने होरपळलेल्या दख्खनेत रामोशांना हाताशी धरून त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड पुकारले. मे १८७९ मध्ये त्यांच्या माणसांनी पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखली या गावांवर दरोडे घातले. जुलैत फडके पकडले गेले आणि पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांच्यावर खटला उभा राहिला.

त्यांच्याविरुद्धचा सर्वांत जड पुरावा त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. श्रीशैलच्या मुक्कामात त्यांनी आत्मवृत्त लिहिले होते, रोजनिशीही ठेवली होती. देशाची उपासमार पाहून मन कसे पेटले, पैसा का हवा होता, पुढचा बेत काय होता, सारे त्यात होते. कागद पोलिसांच्या हाती लागले, इंग्रजीत उतरवले गेले आणि न्यायालयात वाचले गेले. देशबांधवांसाठी मोकळे केलेले मन सरकार पक्षाच्या हातात कबुलीजबाब बनले. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची. फडक्यांना एडनच्या तुरुंगात नेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला.

या खटल्याने एक गोष्ट दाखवून दिली. माणूस ‘का’ केले ते सांगतो, तेव्हा त्याच्या मते तो गुन्ह्याचे वजन कमी करत असतो. पण ऐकणारा सत्तेच्या बाजूचा असेल तर तेच कारण शिक्षा वाढवते. पोटासाठी दरोडा घालणारा त्या सरकारला परवडत होता, विचाराने दरोडा घालणारा परवडत नव्हता.

एकाच महिन्यातले दोन निकाल

शिवराम महादेव परांजपे यांचा जन्म २७ जून १८६४ चा, महाडचा. सावित्रीच्या खाडीवरचे हे जुने बंदर. घाटावरचा माल इथे उतरे आणि गलबतांतून पुढे जाई. परांजपे पुण्यात शिकले, संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि १८९८ मध्ये त्यांनी ‘काळ’ हे साप्ताहिक काढले. वक्रोक्ती हे त्यांचे हत्यार होते. वरवर सरकारची स्तुती वाटावी आणि वाचणाऱ्याच्या अंगाची लाही व्हावी, अशी ती भाषा. अशा लेखणीवर कायद्याने बोट ठेवणे कठीण. तरीही १९०८ च्या जूनमध्ये त्यांना पकडले. टिळक त्यांच्या खटल्याच्या मदतीसाठी मुंबईत येऊन राहिले होते आणि तिथेच, सरदारगृहात, २४ जूनला त्यांनाही अटक झाली.

दावर हे टिळकांना परके नव्हते. १८९७ च्या पहिल्या राजद्रोह खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे उभे राहिलेले बॅरिस्टर हेच दावर होते, आणि तो जामीन मिळाला होता. अकरा वर्षांनी टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले, न्यायासनावर दावर होते आणि जामीन नाकारला गेला.

खटला १३ जुलैला सुरू झाला. ज्यूरीत नऊ जण, त्यांत सात युरोपियन आणि दोन पारशी. ‘केसरी’तले लेख मराठीत आणि ते तोलायचे भाषांतरांवरून. टिळकांनी वकील न देता स्वतःच बाजू मांडली. अनेक दिवस मिळून एकवीस तासांहून जास्त वेळ ते बोलले. भाषांतरात कोणत्या मराठी शब्दाला भलताच इंग्रजी शब्द लावला, वृत्तपत्रांच्या वादात हे लेख कसे उत्तरादाखल आले होते, इंग्लंडात मुद्रणस्वातंत्र्यासाठी ज्यूरीने काय केले होते, हे सारे त्यांनी मांडले. दया मागण्याचा एक शब्द त्यात नव्हता.

२२ जुलैला रात्र पडली तरी न्यायालय बसलेले होते. नऊच्या पुढे ज्यूरी परत आली. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. न्यायमूर्तींनी विचारले, शिक्षा सुनावण्यापूर्वी काही सांगायचे आहे का? टिळक उभे राहिले. ज्यूरीने काहीही ठरवले तरी मी निर्दोष आहे, असे त्यांनी सांगितले. जगाचे सूत्र हलवणाऱ्या याहून मोठ्या शक्ती आहेत आणि मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या सोसण्यानेच माझे कार्य वाढावे अशी कदाचित ईश्वरी इच्छा असेल, असे म्हणून ते थांबले. एक-दोन वाक्यांचे हे निवेदन. आज ते उच्च न्यायालयाच्या त्या दालनाबाहेर संगमरवरात कोरलेले आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी त्या फलकाचे अनावरण केले.

त्या रात्री मात्र त्या शब्दांनी न्यायासन हलले नाही. दावरांनी लगेच शिक्षा सुनावली. असे लेख लिहिणारे मन रोगट आणि विकृत म्हटले पाहिजे, अशी वृत्तपत्रे देशाला शाप आहेत, असे ते म्हणाले. १८९७ च्या शिक्षेची आठवण काढून त्यांनी सांगितले की या दहा वर्षांत टिळकांच्या मनातला राज्यकर्त्यांविषयीचा द्वेष ओसरलेला नाही. वयाकडे पाहून जन्मठेप द्यायचे टाळतो, पण ज्या देशावर प्रेम असल्याचे तुम्ही सांगता त्याच्या हितासाठी तुम्ही काही काळ त्याबाहेर असलेले बरे, असाही शेरा त्यांनी मारला. राजद्रोहाच्या दोन आरोपांवर प्रत्येकी तीन वर्षे काळे पाणी, एकामागून एक भोगायचे, आणि तिसऱ्या आरोपावर हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती.

आता परांजप्यांच्या १९ महिन्यांशी ही सहा वर्षे ताडून पाहावीत. जुन्या शिक्षेचा भार टिळकांवर होता, परांजप्यांवर नव्हता. टिळकांचे राजकीय वजनही वेगळे होते. पण दावरांच्या निकालपत्रात जे उमटले आहे ते त्याहून वेगळे आहे. एकवीस तास ऐकूनही समोरच्या माणसाला पश्चात्ताप नाही, या गोष्टीची ती चीड आहे. ज्याला बोलण्याची पूर्ण मुभा मिळाली होती त्याचे बोलणे शिक्षेच्या पारड्यात त्याच्याच विरुद्ध पडले. शिवाय निवेदन आणि शिक्षा यांच्यात काही मिनिटांचेही अंतर नव्हते. विचारणे झाले, पण ऐकून विचार करणे झाले नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी मग सहा दिवस संप केला, टिळकांच्या प्रत्येक वर्षाला एक दिवस.

शाहीबागेतले क्षण

चौदा वर्षांनी, १८ मार्च १९२२ रोजी, अहमदाबादच्या शाहीबागेतल्या सर्किट हाऊसमध्ये गांधीजी जिल्हा व सत्र न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे उभे राहिले. ‘यंग इंडिया’तले तीन लेख, आणि कलम तेच, १२४-अ. सोबत प्रकाशक शंकरलाल बँकर. गांधीजींनी आरोप तिथल्या तिथे कबूल केला. धंदा विचारला तेव्हा त्यांनी शेतकरी आणि विणकर असे सांगितले होते. अॅडव्होकेट जनरल स्ट्रँगमन यांनी मुंबईचे दंगे, मलबार आणि चौरीचौरा यांची आठवण करून देत शिक्षा कडक हवी असे सुचवले. गांधीजींनी तीही जबाबदारी नाकारली नाही.

मग त्यांनी लेखी निवेदन वाचले. साम्राज्याशी एकनिष्ठ असलेला मी राजद्रोही कसा झालो, याची ती हकीकत होती. दक्षिण आफ्रिका, रौलट कायदा, जालियनवाला, खेड्यांतले चरखे बंद पडून आलेली उपासमार, हे सारे त्यात ओळीने येते. शेवटी त्यांनी न्यायाधीशापुढे दोनच वाटा ठेवल्या. हा कायदा वाईट वाटत असेल तर राजीनामा द्या, चांगला वाटत असेल तर मला जास्तीत जास्त शिक्षा द्या.

ब्रूमफील्ड यांचे उत्तर दावरांच्या भाषेशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे. आजवर ज्यांचा न्याय केला किंवा पुढे करावा लागेल त्या सर्वांहून तुम्ही वेगळे आहात, कोट्यवधी देशबांधवांच्या दृष्टीने तुम्ही थोर देशभक्त आहात, राजकारणात तुमच्याशी मतभेद असणारेही तुम्हाला उदात्त आणि संतासारखे जीवन जगणारा माणूस मानतात, हे त्यांनी भर न्यायालयात सांगितले. पण कायद्याला व्यक्ती दिसत नाही, आणि कबूल केलेल्या गुन्ह्याची शिक्षा ठरवणे हे माझे काम आहे, असेही ते म्हणाले. आकडा ठरवताना त्यांनी टिळकांचा दाखला घेतला. प्रत्येक आरोपाला दोन वर्षे, एकूण सहा वर्षे साधी कैद. पुढे परिस्थिती बदलून सरकारने तुम्हाला लवकर सोडले तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही, ही पुस्तीही जोडली. टिळकांच्या पंक्तीत बसवल्याचा अभिमान वाटतो आणि याहून सौम्य शिक्षा कोणताही न्यायाधीश देऊ शकला नसता, असे गांधीजींनी उत्तर दिले. बँकर यांना एक वर्ष कैद आणि हजार रुपये दंड झाला.

गांधीजींच्या निवेदनाने वर्षांचा आकडा किती खाली आणला हे कुणी मोजून सांगू शकणार नाही. त्यांनी सवलत मागितलीच नव्हती. पण निवेदनाने शिक्षेचा प्रकार, तिची भाषा आणि तिच्यामागची कारणे बदलली. काळ्या पाण्याऐवजी साधी कैद आली. ‘रोगट मन’ या शेऱ्याऐवजी आदर आला. न्यायाधीशाने आपला निर्णय कुठून घेतला ते उघड सांगितले, त्यामुळे तो तपासता येतो. टिळकांनी भोगलेल्या सहा वर्षांनीच गांधीजींच्या शिक्षेची वरची मर्यादा आखून दिली, हेही त्यातून कळते. एका आरोपीची शिक्षा दुसऱ्याच्या वेळी माप म्हणून वापरली जाते. म्हणून शिक्षेमागची कारणे नीट लिहिली जाणे फार महत्त्वाचे.

महाड: मार खाणाऱ्यांची साक्ष

आतापर्यंत आपण आरोपीचे शब्द पाहिले. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या शब्दांचे काय?

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. हा हक्क कागदावर आधीच होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा १९२३ चा बोले ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला होता आणि सुरेंद्रनाथ टिपणीसांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले होते. त्या दिवशी ही माणसे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची आवई गावात उठली. महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या मंडपात जेवायला बसलेल्या, गावाकडे परत निघालेल्या माणसांवर लाठ्या घेऊन जमाव तुटून पडला. अन्न मातीत मिसळले. अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. उलटून मारायला सिद्ध झालेल्या आपल्या माणसांना बाबासाहेबांनी आवरले आणि कायद्याची वाट धरायला लावली.

हा आवरण्याचा निर्णय पुढे न्यायालयात कामी आला. मार खाल्लेली माणसे फिर्यादी म्हणून उभी राहू शकली, दंगलीतली दुसरी बाजू म्हणून नव्हे. ६ जून १९२७ रोजी आरोपींपैकी पाच जणांना चार महिने सक्तमजुरी झाली. जिल्ह्याचे प्रमुख अधिकारी स्पृश्य हिंदू असते तर असा न्याय मिळाला नसता, अशा आशयाचे मत बाबासाहेबांनी नंतर व्यक्त केले. साक्ष किती खरी यासोबतच ती ऐकणारा कोण, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच पुढे आणला. हजारोंच्या मेळाव्यावरच्या हल्ल्याला चार महिने, आणि एका संपादकाच्या लेखांना सहा वर्षे, ही तुलना त्या काळच्या न्यायाबद्दल पुष्कळ सांगून जाते.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. १२ डिसेंबरला महाडच्या काही स्पृश्यांनी तळे आपल्या खाजगी वहिवाटीचे असल्याचा दिवाणी दावा लावला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखून सत्याग्रह पुढे ढकलला. हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ ला उठला, पण दावा चालतच राहिला. महाडला १९३१ मध्ये निकाल लागला, अपील ठाण्याला गेले, १९३३ मध्ये तिथला निकाल आला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचले. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे, असे वादींचे म्हणणे. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला: तळे नगरपालिकेचे आहे आणि ती अनादि रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही.

हा निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होते वाडिया आणि दुसरे ब्रूमफील्ड, पंधरा वर्षांपूर्वी शाहीबागेत गांधीजींना शिक्षा देणारे. माणसाचे म्हणणे पूर्ण ऐकायचे आणि मग कायद्याने जेवढे बांधले आहे तेवढेच बोलायचे, ही त्यांची रीत दोन्हीकडे दिसते. गांधीजींच्या बाबतीत तिचा शेवट कैदेत झाला, महाडच्या बाबतीत तळे मोकळे होण्यात.

कायद्याने दिलेली संधी

स्वातंत्र्यानंतरही बराच काळ १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता चालू राहिली. शिक्षेबद्दल आरोपीला वेगळे ऐकलेच पाहिजे असे बंधन तिच्यात नव्हते. विधी आयोगाच्या ४८ व्या अहवालाने ही उणीव दाखवली आणि १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत कलम २३५ (२) आले. दोषी ठरवल्यावर सत्र न्यायाधीशाने शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे ऐकून मगच शिक्षा द्यायची. संता सिंग खटल्यात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा केवळ उपचार नव्हे. वय, घरची परिस्थिती, शिक्षण, कामधंदा, आधीचे वर्तन, सुधारण्याची शक्यता, यांविषयी पुरावा देण्याची खरी संधी मिळाली पाहिजे. ती मिळाली नव्हती म्हणून फाशीची शिक्षा रद्द करून प्रकरण परत पाठवले गेले. पुढच्याच वर्षी मानवतच्या हत्याकांडाच्या दगडू खटल्यात न्यायालयाने म्हटले की खालची ही चूक वरिष्ठ न्यायालय स्वतः संधी देऊन भरून काढू शकते. १९८९ च्या अल्लाउद्दीन मियाँ खटल्यात आणखी एक पाऊल पुढे टाकले: दोषी ठरवण्याच्या दिवशीच शिक्षा सुनावू नये, साधारणपणे पुढची तारीख द्यावी. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ मध्ये हीच तरतूद आहे. फाशीच्या खटल्यांत ही सुनावणी नेमकी कशी आणि किती वेळ द्यायची, हा प्रश्न २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठाकडे सोपवला. पीडितांनाही शिक्षेच्या टप्प्यावर आपल्यावर काय गुदरले ते सांगता यावे, असा आग्रह न्यायमूर्ती लोकूर यांनी २०१८ च्या एका निकालात धरला आहे.

टिळकांना आणि गांधीजींना बोलता येत होते. त्यांचे शब्द जगाने ऐकले, कोरून ठेवले. अलिबागच्या सत्र न्यायालयात आज पिंजऱ्यात उभा राहणारा माणूस बहुधा तसा नसतो. तो उरणचा कोळी असेल, सुधागडचा कातकरी असेल, वीटभट्टीवरून थेट कोठडीत आलेला असेल. ‘काही सांगायचे आहे का?’ या प्रश्नाला तो मान खाली घालून ‘दया करा’ एवढेच म्हणतो आणि न्यायालयाच्या नोंदीत तेवढेच उतरते. त्याचे घर, त्याचे कर्ज, त्याचे लेकरू, त्याची आधीची वीस वर्षे यांतले काही नोंदीत येत नाही. दुसऱ्या बाजूला ज्या बाईचा मुलगा गेला तिलाही कुणी विचारत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. दोषी ठरवल्यावर शिक्षेसाठी वेगळा दिवस द्यावा. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने त्या मधल्या दिवसांत आरोपीच्या गावी जाऊन माहिती गोळा करावी. पीडिताच्या घरच्यांचेही म्हणणे लेखी घ्यावे. आणि न्यायाधीशांनी या दोन्ही म्हणण्यांतले काय मानले, काय नाकारले आणि का, ते निकालपत्रात लिहावे. कायदा हे सारे आजच करू देतो. त्यासाठी नवे कलम नको आहे. १९०८ साली रात्री दहाच्या सुमारास जे झाले ते आपल्या जिल्हा न्यायालयांत दुपारी तीन वाजता होऊ नये, एवढी काळजी वकिलांनी, न्यायाधीशांनी आणि निकाल वाचणाऱ्या आपण सर्वांनी घ्यायला हवी.